खटावकरांचा चष्मा

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत पंढरीनाथ खटावकरांचं क्वार्टर तळमजल्यावर होतं. मागे थोडं अंगण, अंगणात आधीच्या कुणीतरी लावलेला पेरू. माती चांगली असावी, कारण पेरू दर हिवाळ्यात लगडायचा. पण कल्पनाताईंनी त्या मातीत स्वतःचं असं एकही झाड लावलं नाही. त्यांची सगळी झाडं कुंड्यांमध्ये होती. तुळस, ओवा, गवती चहा, आणि सिमेंटच्या एका मोठ्या कुंडीत पुण्याहून रोप आणून वाढवलेला कढीपत्ता. शेजारच्या शुक्ला भाभी सांगून थकल्या की जमिनीत लावा, केवढा तरी पसरेल. कल्पनाताई म्हणायच्या, कुंडी ट्रकमध्ये चढवता येते.

लग्न होऊन त्या लखनौला आल्या तेव्हा चार-पाच वर्षांचाच प्रश्न आहे असं त्यांना सांगितलं गेलं होतं. मुलगी क्षितिजा बारावीला आली तरी ती चार-पाच वर्षं संपली नव्हती. घरात दिवाण नव्हता, अवजड कपाट नव्हतं, पडदेसुद्धा कुठल्याही खिडकीला बसतील अशा बेताने शिवलेले. कोथरूडला एक लहानसा फ्लॅट घेऊन ठेवला होता. त्यात भाडेकरू राहायचे, आणि कल्पनाताई इथे भाजी निवडता निवडता त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात वावरायच्या. मिसळणाचा डबा ओट्याच्या कुठल्या बाजूला ठेवायचा, कढीपत्त्याची कुंडी बाल्कनीत की खिडकीत, हे त्यांचं केव्हाच ठरून गेलं होतं.

अलीकडे या सगळ्याला घाई लागली होती. पुण्याला भावाकडे राहणारी त्यांची आई विसरायला लागली होती. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं नाव. मागच्या उन्हाळ्यात कल्पनाताई दारात उभ्या राहिल्या तेव्हा आई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, आणि त्यांनी "आई, अगं मी" म्हटल्यावर मग तिचा चेहरा उजळला. आवाजावरून ओळखलं. परतीच्या गाडीत कल्पनाताई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "आवाज आहे तोवर जायला हवं."

खटावकर तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. रेल्वेच्या संशोधन संस्थेत ते ट्रायलच्या कामावर होते. नवा डबा किंवा नवं इंजिन आलं की ते किती वेगापर्यंत रुळांवर नीट चालतं हे तपासायचं. वेग थोडा थोडा वाढवत न्यायचा, आणि डबा किती हलतो, कसा हलतो, ते यंत्रांवर नोंदवून घ्यायचं. तरुणपणी ते धावत्या डब्यात डोळे मिटून उभे राहायचे. तळपायांना जे कळायचं तेच मग कागदावरच्या रेघेत उमटलेलं दिसायचं. घरी आल्यावर जेवताना ते डाव्या हाताने डब्याचं डोलणं करून दाखवत, आणि कल्पनाताई हसत हसत त्यांना उजव्या हाताने जेवायची आठवण करून देत.

ते सगळं कधीतरी थांबलं. काही घडलं नव्हतं. एक बढती उशिरा मिळाली, एका अहवालावर दुसऱ्याचं नाव आलं, पण अशा गोष्टी सगळ्यांच्याच नोकरीत घडतात. एका ट्रायलला ते नेहमीसारखे उभे राहिले आणि तळपायांना काहीच कळलं नाही. त्यानंतर ते बसूनच राहू लागले. आकडे संगणकावर येत होते, त्यांची सही होत होती. घरी आल्यावर टीव्हीपुढे बसत आणि कुठला कार्यक्रम चालू आहे हे विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. क्षितिजा आईला म्हणायची, "पापा घर पे होते हैं तो भी टूर पे होते हैं." तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते हिंदीतच.

२००८च्या सप्टेंबरात एका ट्रायलवर त्यांचा चष्मा पडला आणि कुणाच्या तरी बुटाखाली आला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आलमबागला गेले. बस स्टँडच्या पुढे, बाजारात शिरतानाच, एका सिंधी गृहस्थांचं जुनं चष्म्यांचं दुकान होतं. मालक गल्ल्यावर पेंगत होते. डोळे तपासायला एक मुलगी होती. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. फिकट निळा कुर्ता, केस घट्ट मागे बांधलेले, मनगटावर पुरुषी वाटेल असं मोठं घड्याळ. पहिल्याच वाक्यात ती त्यांना अंकल जी म्हणाली. ते त्यांनी ऐकलं होतं. पुढे जे झालं ते न ऐकल्यामुळे झालं असं म्हणता येणार नाही.

चार दिवसांनी चष्मा तयार झाला. तिने तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला, समोर उभी राहिली, गुडघ्यांत थोडी वाकली आणि आपले डोळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणून बघत राहिली. चष्मा सरळ बसलाय का, एवढंच ती बघत होती. मग तिने तो काढला, एक काडी दुकानातल्या गरम वाळूच्या भांड्यात धरून किंचित वाकवली, पुन्हा चढवला, पुन्हा तशीच बघत राहिली.

"आपका एक कान ज़रा ऊपर है," ती म्हणाली. "किसी ने बताया नहीं कभी?"

कुणी सांगितलं नव्हतं. डबा कुठल्या बाजूला किती झुकतो हे बघण्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता, आणि आपला एक कान वर आहे हे त्यांना एक्कावन्नाव्या वर्षी आलमबागच्या बाजारात कळत होतं. ते हसले. खूप दिवसांनी हसल्यासारखं त्यांना वाटलं. गालांना तसं जाणवलं. तिने काडी पुन्हा एकदा नीट केली, चष्मा कानांमागे अलगद टेकवला आणि विचारलं, "अब बताइए, सब अपनी जगह पर है?"

हे वाक्य ते घरी घेऊन आले. संध्याकाळी न्हाणीघरातल्या आरशासमोर बराच वेळ उभे राहून त्यांनी आपले कान पाहिले. डावा खरंच वर होता. कल्पनाताईंना हे सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी सांगितलं नाही, आणि न सांगितल्यामुळे ती गोष्ट त्यांची एकट्याची झाली.

ऑक्टोबरात काडीचा स्क्रू खरोखरच सैल झाला. दुपारच्या सुट्टीत ते दुकानात गेले. मालक तसेच पेंगत होते, गिऱ्हाईक नव्हतं. तिने स्क्रू आवळला, समोर वाकून पाहिलं, तेच वाक्य विचारलं. अशा किरकोळ कामाचं दुकानात काही घेत नसत. निघताना तिने सहज विचारलं की काम कुठलं करता. त्यांनी सांगितलं. डबा सतत थरथरत असतो, म्हणाले, त्याने स्क्रू सैल होतात. आमच्याकडे मोठमोठे बोल्टसुद्धा होतात. तिने मान तिरकी करून नीट ऐकलं. धावत्या डब्याचं हलणं त्यांनी हाताने करून दाखवलं. किती वर्षांनी ते हे करत होते.

त्यानंतर स्क्रू सैल होण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. संस्थेतल्या यंत्रदुरुस्तीच्या खोलीत अगदी बारीक पेचकस मिळत, त्यातला एक त्यांनी खिशात टाकून आणला. रविवारी कल्पनाताई पुण्याला फोन लावून आईशी बोलत असत. तेव्हा आतल्या खोलीत बसून ते चष्मा मांडीवर घेत आणि स्क्रू अर्धाच फेरा सोडवत. जास्त सोडवला तर वाटेत पडेल. कमी सोडवला तर तिला काही करायलाच नको. हे काम ते फार मन लावून करत. त्या काळात त्यांनी मन लावून केलेलं तेवढं एकच काम होतं. बाहेरून कल्पनाताईंचा आवाज येत असे, "हो आई, या वर्षी. नक्की या वर्षी."

तिचं नाव विनीता होतं, हे मालकांनी हाक मारली म्हणून कळलं. ती विकास नगरहून, शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, दोन टेंपो, म्हणजे तिथल्या शेअर रिक्षा, बदलून येत असे. बाकी त्यांना काही माहीत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. हात धरावा, भेटावं, असं काही त्यांच्या मनात नव्हतं. असतं तर कदाचित ते स्वतःलाच घाबरून थांबले असते. एक माणूस समोर उभं राहून आपल्याकडे नीट बघतं, आणि आपलं सगळं जागेवर आहे ना असं विचारतं, एवढंच त्यांना हवं होतं. दुपार असायची, दुकान रिकामं असायचं. त्या पाच-दहा मिनिटांसाठी ते सकाळी दाढी जास्त काळजीने करत.

"पापा का चश्मा है या पैसेंजर गाड़ी का डिब्बा," क्षितिजा म्हणाली. "हर हफ़्ते ढीला."

कल्पनाताई म्हणाल्या, "पुण्याला गेल्यावर चांगला घेऊ. इथे कशाला खर्च."

पुण्याचं बोलणं आता नुसतं बोलणं राहिलं नव्हतं. तिथे एक जागा रिकामी होत असल्याची बातमी दिवाळीपासून कॉलनीत फिरत होती. ज्येष्ठतेत पहिलं नाव खटावकरांचं होतं. त्यांच्यानंतर अभिजित पाध्येचं. अभिजित त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याची बायको हेमा आणि मुलगा राजस मागच्या गल्लीत राहायचे. राजसला जन्मापासून फार कमी ऐकू यायचं, आणि अशा मुलांसाठीची चांगली शाळा पुण्यात होती. संध्याकाळी कल्पनाताई विचारत, "काही कळलं?" खटावकर म्हणत, अजून नाही.

डिसेंबरात, धुक्यामुळे ट्रायल पुढे ढकलल्या गेल्या होत्या तेव्हा, डायरेक्टर साहेब त्यांना कॉरिडॉरमध्ये भेटले. हात चोळत त्यांनी विचारलं की पुण्याला जाणार ना, म्हणजे नाव पुढे पाठवतो. खटावकर नुकतेच आलमबागहून परतले होते. चष्मा कानांमागे नीट, किंचित गरम असल्यासारखा वाटत होता. ते म्हणाले, "अभी नहीं, सर. बच्ची की बारहवीं है."

साहेबांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. खटावकर तिथेच उभे होते. आता काहीतरी होईल असं त्यांना वाटत होतं. छातीत धडधडेल, मागे धावत जाऊन साहेबांना थांबवावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. कुठल्याशा खोलीत टाइपिंग चालू होतं, खिडकीबाहेर धुकं होतं. क्षितिजाची परीक्षा मार्चमध्ये संपणार होती आणि पुण्याची जागा एप्रिलपासून होती, हे त्यांना जागेवर परतल्यानंतर आठवलं.

घरी त्यांनी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी कल्पनाताईंनी नेहमीसारखं विचारलं, आणि ते म्हणाले, अजून नाही. पुढचे सगळे दिवस ते असंच म्हणत राहिले. रोज वाटायचं की उद्या सांगू. आणि रोज सकाळी कल्पनाताई अंगणात कढीपत्त्याची सुकलेली टोकं खुडताना दिसायच्या. प्रवासाआधी छाटलेला बरा, असं त्यांचं म्हणणं होतं.

संक्रांतीनंतर खटावकरांकडे हळदीकुंकू असे. लखनौमधली मराठी घरं विखुरलेली, कुणी रेल्वेत, कुणी विद्यापीठात, कुणी औषधांच्या संशोधनात. पण या एका संध्याकाळी बायका लांबलांबून यायच्या, बरोबर शुक्ला भाभींसारख्या शेजारणीही. पुरुषांनी त्या वेळी घरात थांबायचं नाही, हेही ठरलेलं. दुपारीच कल्पनाताईंनी नवऱ्याच्या हातात स्वेटर दिला. "साडेआठपर्यंत येऊ नका. आणि मफलर घ्या, धुकं आहे."

इतर वर्षी ते अशा संध्याकाळी संस्थेच्या वाचनालयात बसत. या वर्षी स्क्रू आदल्या दिवशीच सोडवून ठेवलेला होता. ते आलमबागला गेले.

ते आजवर फक्त दुपारी गेले होते. संध्याकाळचं दुकान त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सगळे दिवे लागलेले, मालक टक्क जागे, बाकावर माणसं दाटून बसलेली. बस स्टँडवरून आलेलं एक कुटुंब, कॉलेजची दोन मुलं, डोक्याला शाल गुंडाळलेले एक म्हातारे. खटावकर कडेला उभे राहिले. विनीताने त्यांना पाहिलं, ओळखीचं हसली, बसायला जागा दाखवली आणि पुन्हा कामाला लागली.

आधी त्या कुटुंबातल्या बाईंचा चष्मा होता. तिने तो चढवला, गुडघ्यांत वाकली, डोळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणले. "आंटी जी, आपका एक कान ज़रा नीचे है. किसी ने बताया नहीं?" बाई हसल्या, त्यांचा नवरा हसला. "अब बताइए, सब अपनी जगह पर है?" मग म्हातारेबाबा. त्यांचा चष्मा इतका मळलेला होता की तिने तो आधी साबणाने धुतला. पुन्हा तसंच वाकणं, तशीच तिरकी मान. बाबा तिला आपल्या गावच्या कालव्याबद्दल काही सांगत होते आणि ती नीट ऐकत होती, अगदी तशीच, जशी ती डब्याच्या थरथरण्याबद्दल ऐकत असे. "अब बताइए, बाबा. सब अपनी जगह पर है?"

त्यात खोटं काही नव्हतं. ती चांगली होती आणि आपलं काम नीट करत होती. खटावकर भिंतीवरच्या आरशात बघत होते. तिथे मफलर गुंडाळलेला एक माणूस बाकाच्या टोकावर बसला होता, मांडीवर हात ठेवून, आपली पाळी येण्याची वाट बघत.

पाळी आली. तिने काडी हलवून पाहिली. "फिर वही पेच," ती म्हणाली. "अंकल जी, आप बार-बार आते हैं, इस ठंड में. आज इसका पक्का इलाज कर देती हूँ." तिने आपली पर्स उघडली, त्यातून बिनरंगी नेलपॉलिशची बाटली काढली, स्क्रू पूर्ण आवळला आणि त्याच्या डोक्यावर एक थेंब सोडला. मग फुंकर घालून वाळवला. "अब आपकी रेल कितनी भी हिले, ये नहीं हिलेगा. अब आपको आना नहीं पड़ेगा."

ती आनंदाने म्हणाली, एखाद्याचा त्रास वाचवल्यावर माणूस म्हणतो तशी. तिने चष्मा चढवला, वाकून पाहिलं, विचारलं. खटावकर म्हणाले, "जी. सब अपनी जगह पर है." तोवर तिची नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली होती.

त्याच वेळी घरी बायका गोलाने बसल्या होत्या. अत्तर लावून झालं होतं, कल्पनाताई हळदीकुंकवाचं तबक घेऊन एकेकीपुढे येत होत्या. हेमा पाध्येच्या कपाळाला त्यांनी बोट लावलं, तशी ती एकदम खाली वाकली आणि तिने त्यांचे पाय धरले. संक्रांतीत धाकट्या बायका वाकतातच, पण हेमा उठेना.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू," ती म्हणाली. "सरांनी आमच्यासाठी पुणं सोडलं. काल ह्यांची ऑर्डर आली. राजसच्या शाळेशी बोलणंसुद्धा झालं. तुम्ही कितीतरी वर्षं वाट बघताय हे काय मला माहीत नाही?"

तबक कल्पनाताईंच्या हातात होतं. ते त्यांनी पडू दिलं नाही. मोकळ्या हाताने हेमाला उठवत त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं. आमचं काय, आम्ही जाऊ पुढेमागे. पोराचं आधी." आणि त्या पुढच्या बाईकडे वळल्या. शुक्ला भाभींनी नंतर सांगितलं की त्यानंतर कुंकू लावताना त्यांचं बोट एकदाही हललं नाही.

खटावकर परतले तेव्हा घर रिकामं होतं. अत्तराचा आणि तिळाचा वास रेंगाळला होता. कल्पनाताई जमिनीवर बसून उरलेलं वाण पिशवीत भरत होत्या. या वर्षी चहाच्या गाळण्या वाटल्या होत्या. क्षितिजा आत अभ्यासाला बसली होती.

"हेमा आली होती," त्या म्हणाल्या.

खटावकर मफलर सोडत होते.

त्या वर न बघता बोलत होत्या. जे झालं ते त्यांनी एका सुरात सांगितलं, हेमाचं वाकणंही, आपण काय उत्तर दिलं तेही. मग विचारलं, "राजससाठीच ना?"

एखादं खरं वाक्य बोलण्याची ती वेळ होती, हे खटावकरांना कळत होतं. पण ते वाक्य कसं असतं? चष्म्याचा स्क्रू, अर्धा फेरा, आलमबाग. बोलून दाखवण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. तासाभरापूर्वीपर्यंत जे होतं ते ताप उतरावा तसं उतरलं होतं, आणि ज्या गोष्टीसाठी पुणं गेलं ती गोष्ट आता त्यांची त्यांनाच सापडत नव्हती. त्या सबंध काळात राजसची आठवण त्यांना एकदाही झाली नव्हती.

"हो," ते म्हणाले.

कल्पनाताईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चष्मा सरळ आहे की नाही ते त्या बघत नव्हत्या.

"मला विचारलं असतंत तर मीही हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "निदान विचारायचं होतंत."

पिशवीचं तोंड बांधून त्या उठल्या आणि जेवायची पानं घ्यायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खटावकरांना जाग आली ती मागच्या अंगणातल्या आवाजाने. बाहेर इतकं धुकं होतं की पेरूचं झाड दिसत नव्हतं. कल्पनाताई शालीचा पदर खोचून कुदळ मारत होत्या. बाजूला सिमेंटची कुंडी फुटून पडली होती; मुळांनी आतून इतकी गच्च भरली होती की फोडल्याशिवाय झाड निघालंच नसतं. मुळं कुंडीच्या आकारात एकमेकांभोवती गोल गोल फिरली होती. त्या ती बोटांनी सोडवत होत्या. खटावकर पायरीवर उभे राहिले.

"जरा धरा हे," त्या म्हणाल्या. "सरळ आहे का बघा."

ते मातीत उतरले, बुंधा धरला आणि तपासून पाहिला. थोडा डावीकडे झुकला होता. त्यांनी तो सरळ केला. कल्पनाताईंनी माती लोटली, पायाने दाबली, पाणी घातलं. मग हात धुवायला नळाकडे गेल्या.

त्यानंतर खटावकर त्या दुकानात गेले नाहीत. एका रविवारी त्यांनी पेचकस हातात घेतला होता. नेलपॉलिश घट्ट बसलं होतं. थोडा जोर केला असता तर निघालं असतं. त्यांनी पेचकस परत संस्थेतल्या खोलीत नेऊन ठेवला. एप्रिलमध्ये पाध्ये पुण्याला गेले. संस्थेत, कॉलनीत, मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला, सगळीकडे लोक खटावकरांबद्दल आदराने बोलायचे. अभिजितचा दर महिन्याला फोन यायचा. "सर, राजसने आज पंख्याचा आवाज ओळखला. तुमच्यामुळे, सर." खटावकर रिसीव्हर कानाला लावून उभे असत, त्या वर असलेल्या डाव्या कानाला, आणि म्हणत, "छान. छान झालं."

मे महिन्यात, क्षितिजाचा निकाल लागायच्या आधी, कल्पनाताई एकट्या पुण्याला गेल्या. पोचल्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आई कशी आहे असं खटावकरांनी विचारलं. पलीकडे भावाच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"दारात उभी राहिले, आई अगं मी म्हटलं," कल्पनाताई म्हणाल्या. "म्हणाली, या, बसा. तुम्ही कुणाकडच्या?"

खटावकरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मग मी रात्री तिला भरवताना बोलत राहिले. तर म्हणते, आवाज छान आहे तुमचा." मग त्यांनी विचारलं, "झाडाला पाणी घालताय ना?"

घालतो, असं ते म्हणाले. खरंच घालत होते. रोज सकाळी, कामावर जायच्या आधी. लखनौचा मे महिना, लू सुरू झालेली. जमिनीत लावल्यापासून कढीपत्त्याची जुनी पानं सगळी पिवळी होऊन गळून गेली होती आणि नुसता काटकुळा बुंधा उरला होता. तो मेला असं शुक्ला भाभी दोनदा सांगून गेल्या होत्या.

महिन्याने कल्पनाताई परतल्या. त्यांनी बॅग दारातच ठेवली, चप्पलही काढली नाही, सरळ मागच्या अंगणात गेल्या. खटावकर चहाचं आधण ठेवून त्यांच्या मागे दारापर्यंत आले. ऊन इतकं लख्ख होतं की चष्म्यातूनही डोळे बारीक करावे लागत होते. त्या बुंध्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. सालीतून अगदी खालच्या बाजूला, मातीजवळ, तांबूस हिरवे दोन-तीन कोंब फुटले होते. त्यांनी एक पान चुरगळून नाकाशी धरलं.

"जगलं?" खटावकरांनी विचारलं.

"जगलं," त्या म्हणाल्या. मग हात झटकून उठल्या. "आता इथून निघायचं नाही ते."